शाळेच्या वेबसाईटवर मुलांचं काम: कपाटातल्या गठ्ठ्यापासून उसाच्या फडापर्यंत

शाळेची वेबसाईट करायची ठरली की आपण आधी लॅपटॉप उघडतो. तो मिटा आणि वर्गातलं लोखंडी कपाट उघडा. खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांच्या मागं, मुलांच्या कागदांचा गठ्ठा असतोच. चित्रं, चिकटकाम, अर्ध्यात सोडलेल्या गोष्टी, कुणीतरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेला बैल. वेबसाईट तिथून सुरू होते.

मी बालाघाटच्या डोंगरातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पट २३. दसरा-दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते उन्हाळा लागता लागता परततात. काही मुलं त्यांच्याबरोबर जातात, बाकीची आजी-आजोबांकडं राहतात. फडावरून संध्याकाळी कोपीत (तिथल्या खोपटात) आलेल्या आईला पोराच्या वहीचं पान दिसावं, एवढ्याच हेतूनं आमची वेबसाईट सुरू झाली.

म्हणजे दुसऱ्यांदा सुरू झाली. पहिल्या वेळी मी ती चांगली घडवली होती. वर 'सुस्वागतम' सरकत जायचं, बाजूला भेट देणाऱ्यांचा आकडा पळायचा, आत झेंडावंदनाचे चाळीस फोटो. प्रत्येक फोटोत कुणीतरी कुणाला शाल आणि नारळ देतंय. पालकांनी एकदा उघडली, आपलं पोरगं तिसऱ्या रांगेत शोधलं आणि बंद केली. पुन्हा कुणी फिरकलं नाही. त्यानंतर जे शिकलो ते इथं क्रमानं सांगतो. ओढ्यापलीकडच्या वाडीवरच्या शाळेपासून शहरातल्या खासगी शाळेपर्यंत यातलं बरंचसं कुठंही चालेल.

१. गठ्ठा चाळा आणि तीन ढीग करा

दुपारच्या सुट्टीत सतरंजीवर सगळे कागद पसरा. पहिल्या ढिगात बघताक्षणी 'हे कुणाचं' ते ओळखू येतं असं काम. दुसऱ्यात नीटनेटकं पण कुणाचंही असू शकेल असं. तिसऱ्यात आपण स्वतः हात लावलेलं: बाईंनी किंवा सरांनी रेघ मारून दिली, मुलानं रंग भरला.

तिसरा ढीग लगेच बाजूला ठेवा. दुसऱ्या ढिगात बहुधा एकच चित्र वीस वेळा सापडेल: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी आणि नारळाचं झाड. आमच्या आसपास कोसभर नारळाचं झाड नाही. तरी प्रत्येक वहीत ते डुलत असतं, कारण ते पाहून शिकलेलं चित्र आहे. यात मुलांचा दोष नाही. आपण 'चित्र काढा' म्हणतो आणि खुर्चीवर बसून माहिती भरायला घेतो.

पहिला ढीग पातळ असेल. घाबरू नका, पुढची पायरी त्यासाठीच आहे.

२. विषय देण्याची पद्धत बदला

'माझी आई' असा निबंध दिला की 'माझी आई मला खूप आवडते. ती सकाळी लवकर उठते' हेच येणार. तेच मुलांना विचारा: काल तुमच्या घरी सगळ्यात आधी कोण उठलं? उठल्यावर पहिला आवाज कशाचा आला? त्या दिवशी आमच्याकडं आलेली उत्तरं अशी: हंडा घासल्याचा, आज्याच्या खोकल्याचा, शेजारच्यांच्या पिकअप गाडीचा. एकानं लिहिलं, 'आवाज आला नाही. वास आला. आजी भाकर करपवत होती.'

प्रश्न लहान हवा आणि कालपरवाचा हवा. चालणारे काही प्रश्न: शाळेत येताना वाटेत काय बदललं? तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, तिला कुठं तडा गेलाय? गुडघ्यावरची जखम कशी झाली? पावसात कुठं गळतं आणि खाली काय ठेवतात? चित्रासाठीही हेच. 'निसर्गचित्र' नको. 'तुमच्या दारात उभं राहिल्यावर जे दिसतं ते' म्हणा, नारळ आपोआप गायब होतो.

इथं थोडं विषयांतर करतो. सेलेस्टँ फ्रेने नावाचे एक फ्रेंच प्राथमिक शिक्षक होते. दक्षिण फ्रान्समधल्या बार-सूर-लू या खेड्यातल्या शाळेत त्यांनी १९२४ च्या सुमारास वर्गातच छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपलं लिहिलेलं स्वतः खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवून छापायची आणि ती पानं दूरच्या शाळेतल्या मुलांना टपालानं जायची. आपलं लिहिलेलं खरोखर कुणीतरी अनोळखी माणूस वाचणार आहे, हे कळल्यावर मुलं वेगळं लिहितात. आपल्याकडच्या शाळांतली हस्तलिखितं याच जातीची. वेबसाईट हा त्याचाच पुढचा फाटा, फक्त तो परगावच्या फोनपर्यंत जातो.

३. संमती जूनमध्येच घ्या

आमच्याकडं याला पर्याय नाही. नोव्हेंबरात संमती मागायला गेलात तर सही करणारा माणूस तीनशे किलोमीटरवर ऊस तोडत असतो. शाळा जूनच्या मध्याला उघडते, पहिल्या पालकसभेतच हे काम उरका.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे आणि बालकाची वैयक्तिक माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींनाही तो कायदा मनाई करतो. कायदा नसता तरी विचारलंच पाहिजे. शिवाय १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे कृतीचा पहिला मालक ती करणारा असतो. म्हणजे दुसरीतल्या मुलीनं काढलेल्या मांजराची मालकीण ती मुलगी आहे, शाळा नाही.

संमतीपत्राची भाषा सरकारी ठेवू नका. आमचं असं आहे:

'माझ्या मुलाने/मुलीने शाळेत केलेलं चित्र, लेखन, हस्तकाम आणि त्याच्या/तिच्या आवाजातलं वाचन शाळेच्या वेबसाईटवर टाकायला माझी संमती आहे. सोबत फक्त हाकेचं नाव आणि इयत्ता येईल. आडनाव, चेहरा, पत्ता, फोन नंबर येणार नाही. ही वेबसाईट जगात कुणालाही दिसते, हे मला समजावून सांगितलं आहे. मी कधीही सांगितलं तर ते काम काढून टाकलं जाईल.'

हे सभेत मोठ्यानं वाचा, कारण काही पालक अंगठा देणारे असतात. 'जगात कुणालाही' या शब्दांवर थांबा आणि मोबाईलवर एक पान उघडून दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठरावही करून ठेवा. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळं चर्चा खरी होते. आमच्या सभेत एका आजोबांनी विचारलं, 'फोटू बघून कुणी पोरगं पळवून न्यायचं न्हाई ना?' हसण्यावारी नेऊ नका. चेहरे न टाकण्याचा आमचा नियम त्या प्रश्नातून आला.

पालकांची सही झाली तरी मुलाला वेगळं विचारा. चौथीतल्या एका मुलीनं सुंदर घडीचं शुभेच्छापत्र केलं होतं. म्हटलं, वेबसाईटवर टाकू? म्हणाली, 'नको. आई आल्यावर तिला एकटीलाच दावायचंय.' नाही टाकलं.

४. काय टाकायचं नाही

हे आधीच ठरवलेलं बरं, कारण चांगलं लेखन समोर आलं की मोह होतो.

आमच्या एका मुलानं मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, घरातलं भांडण आणि बापाचं पिणं यावर दीड पान लिहिलं होतं. एकही शब्द फुकट गेलेला नव्हता. त्या वर्षातलं ते सगळ्यात चांगलं लेखन आमच्या वेबसाईटवर नाही. मी त्याच्याशी बोललो, वहीत खाली दोन ओळी लिहिल्या आणि वही त्याच्या दप्तरात परत गेली. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं हे खरं, पण आज माहीत असणं आणि पंधरा वर्षांनी त्याच्या होणाऱ्या सासऱ्यानं फोनवर वाचणं यात फरक आहे.

दुसरा धोका साध्या वाक्यात लपतो. 'आता घरी मी आणि आजी दोघंच असतो.' वाचायला गोड वाटतं, पण घरात म्हातारं माणूस आणि लेकरू एकटं असल्याची ती जाहीर सूचना आहे. अशी ओळ असेल तर तो कागद भिंतीवर लावा, वेबसाईटवर नको. आजार, जात, कर्ज, कोण कुणाला सोडून गेलं, हेही त्याच यादीत. नावाबरोबर आडनाव नाही, जन्मतारीख नाही, आधारचा तर प्रश्नच नाही. वहीच्या कोपऱ्यात मुलं पूर्ण नाव लिहितात, फोटो काढताना तो कोपरा कागदाच्या पट्टीनं झाका.

५. फोटो: व्हरांडा, भिंत आणि चिकटपट्टी

स्कॅनर लागत नाही. साधा फोन पुरतो, पण जागा नीट निवडावी लागते.

सकाळी आठ ते दहा या वेळात व्हरांड्यात, जिथं उजेड आहे पण ऊन थेट पडत नाही अशा ठिकाणी उभे राहा. कागद जमिनीवर ठेवून वरून फोटो काढला की आपलीच सावली चित्रात येते, म्हणून कागद भिंतीला छातीच्या उंचीवर चिकटपट्टीनं लावा. फोन भिंतीला समांतर धरा. तिरका धरलात तर चौकोनी वही खाटेसारखी दिसते. फ्लॅश बंद ठेवा, तेली खडूच्या रंगावर तो चकाकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनही बंद करा, नाहीतर फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश जातात.

कागदपत्रं स्कॅन करायची ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये असतात. ती मजकुरासाठी ठीक, चित्रासाठी वापरू नका. कागद पांढराशुभ्र करायच्या नादात ती फिका पिवळा, गालांचा गुलाबी, पेन्सिलीची हलकी छटा खाऊन टाकतात. आमच्या पहिलीतल्या मुलीनं काढलेलं धुकं एका ॲपनं अख्खं पुसलं होतं. पेन्सिलीचं लेखन फारच पुसट असेल तर फोनच्या एडिटमध्ये जाऊन कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, बाकी काही करू नका.

कागदाच्या कडा कापू नका. फाटलेली कड, कॅलेंडरच्या मागच्या बाजूनं उमटलेले तारखांचे आकडे, तेलाचा डाग, खोडून खोडून पडलेलं भोक, सगळं दिसू द्या. शाळेच्या वेबसाईटची गोडी असल्या गोष्टींतच असते. फुलांची चौकट आणि चमचमणारे तारे लावले की बाजारातल्या शुभेच्छापत्रासारखं होतं.

मातकामाचा फोटो वरून काढू नका. पोळ्याला मुलं मातीचे बैल करतात, ते ओट्यावर ठेवा, स्वतः खाली बसा आणि फोन बैलाच्या डोळ्याच्या उंचीवर आणा. शेजारी खडूचा एक तुकडा ठेवा म्हणजे आकार कळतो. हात दाखवायला हरकत नाही. माती लागलेली बोटं पाहून आई ओळखते.

फोटोची लांब बाजू बाराशे ते सोळाशे पिक्सेल आणि वजन अडीचशे केबीच्या आत ठेवा. फोनमधून आलेला मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो. फडावर नेटवर्कची एक काडी असते, तिथं तसली पाच चित्रं उघडेपर्यंत माणूस झोपतो. मूळ फोटो मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपा.

६. 'मपलं' दुरुस्त करायचं का?

दुसरीतल्या मुलानं लिहिलं होतं:

'आमची शेळी याली. दोन करडं झाली. एक काळं. एक मपलं.'

मी लाल पेन काढलं होतं. 'याली' खाली रेघ, 'मपलं' खोडून 'माझं', आणि शेजारी लिहिणार होतो, 'दुसऱ्या करडाचा रंग लिही.' मग पुन्हा वाचलं. एका करडाची ओळख रंगावरून, दुसऱ्याची मालकीवरून. त्या करडाचा रंग लिहायची त्याला गरजच वाटली नाही. मी 'माझं' केलं असतं तर अर्थ राहिला असता, पोरगं गेलं असतं.

आता आमचा नियम असा. वहीच्या पानाचा फोटो जसाच्या तसा. त्याखाली तोच मजकूर टाईप करतो, कारण लहान स्क्रीनवर पेन्सिलीचं अक्षर वाचता येत नाही. टाईप करताना ऱ्हस्व-दीर्घ नीट करतो, शब्द एकही बदलत नाही, बोलीचा तर नाहीच. याला तडजोड म्हणा. ऱ्हस्व-दीर्घही तसंच ठेवावं असं माझ्या सहकारी बाईंचं मत आहे आणि त्यांचं बरोबर असेलही. पण आमच्या केंद्रशाळेतल्या कुणीतरी 'शिक्षकाला वेलांटी येत नाही' म्हणायचं आणि वेबसाईटच बंद करायला लावायची, ही भीती मी बाळगून आहे.

टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. शाळेच्या जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात, तिथला मजकूर उचलून वेबसाईटवर चिकटवला की विचित्र इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फोनवरचा मराठी कीबोर्ड किंवा बोलून टाईप करण्याची सोय पुरेशी आहे. फक्त बोलून टाईप करताना यंत्र 'मपलं'चं 'आपलं' करतं, तेवढं तपासा. फॉन्टसाठी मुक्ता किंवा बालू घ्या. दोन्ही मुंबईच्या 'एक टाईप' या संस्थेचे, फुकट आणि वाचायला मोकळे. वेबसाईटची भाषा सेटिंगमध्ये 'मराठी' ठेवायला विसरू नका. काही फॉन्ट ती भाषा पाहूनच पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवतात. पहिलीच्या पोराला आपण जो ल गिरवायला लावतो तोच त्याला पडद्यावर दिसायला हवा.

७. चित्राखालची ओळ मुलाला विचारून

ऊसतोडीला निघालेल्या ट्रकचं एक चित्र आलं होतं. ट्रकमध्ये हंडे, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, वर बसलेली माणसं. आणि टपावर मोठं काळं वर्तुळ. मी खाली लिहायला घेतलं: 'ट्रक आणि मावळता सूर्य'. मनात म्हटलं, काय पोरगं आहे, सूर्य काळा केला! त्या काळ्या सूर्यावर दोन वाक्यं सुचायलाही लागली होती.

मुलगा शेजारीच उभा होता. म्हणाला, 'सर, त्यो सूर्य न्हाई. स्टेपनी हाय.'

तेव्हापासून ओळ मी लिहीत नाही. चित्र समोर ठेवून मुलाला तीनच गोष्टी विचारतो: हे काय आहे? हे कधीचं आहे? यात नाही पण तिथं होतं असं काय? उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत खाली उतरवतो. तिसऱ्या प्रश्नाला त्या मुलानं सांगितलं, 'आमचं कुत्रं. ते ट्रकामागं पळत होतं, मग दिसलं न्हाई.' चित्राखाली तीच ओळ आहे.

'वा! छान!', 'उगवता कलाकार', 'बालप्रतिभेचा आविष्कार' असलं काही लिहू नका.

८. आवाज

ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे सगळ्यात कामाचं. मुलाला त्यानं लिहिलेलं वाचायला लावा आणि तीस-चाळीस सेकंद रेकॉर्ड करा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून झाडाखाली बसा, फोन मुलाच्या तोंडापासून वीतभर लांब. मागं चिमण्या, घंटा, बकऱ्या आल्या तर येऊ द्या. गावचाच आवाज आहे तो.

आमची वेबसाईट ब्लॉगरवर आहे (ते पुढच्या मुद्द्यात), तिथं आवाजाची फाईल थेट चढत नाही. सोपा मार्ग म्हणजे चित्राच्या फोटोवर तो आवाज लावून छोटा व्हिडिओ करायचा, यूट्यूबवर शाळेच्या खात्यातून चढवायचा आणि पानात जोडायचा. चढवताना 'मुलांसाठी बनवलेला' हा पर्याय निवडा, म्हणजे टिप्पण्या बंद होतात आणि बघणाऱ्याची माहिती काढून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीही. यादीत न दिसणारा ठेवलात तर आणखी बरं.

९. आता लॅपटॉप उघडा

बांधणीचं काम सगळ्यात सोपं आहे, म्हणून इतक्या खाली आलंय.

आधी शाळेच्या नावानं नवं ईमेल खातं काढा. स्वतःच्या खात्यावर वेबसाईट काढू नका. जिल्हा परिषदेत बदली ठरलेली असते आणि शिक्षकाबरोबर वेबसाईटही जाते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, दुसरा नंबर सहकाऱ्याचा द्या आणि गुगल देतं ते दहा बॅकअप कोड कागदावर छापून ठेवा.

मग वेबसाईट बनवायच्या गुगलच्या दोन सेवांपैकी एक घ्या: ब्लॉगर किंवा गुगल साइट्स. मी ब्लॉगर घेतलं. ते १९९९ पासून आहे, २००३ पासून गुगलकडं, फुकट आहे आणि नवं पान आपोआप वर येतं. सर्वांत साधी थीम निवडा, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी. सरकती पट्टी, आकडे, घड्याळ, बातम्यांच्या खिडक्या काढून टाका. टिप्पण्या बंद. जाहिराती चालू करून चार पैसे मिळवण्याचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. पहिल्या पानावर सगळ्यात वर कालपरवाचं काम हवं. शाळेची माहिती, यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), समितीची यादी हे दुसऱ्या पानावर. मुख्याध्यापकांचं मनोगतही तिथंच, आणि मुख्याध्यापक तुम्हीच असाल तर पाच ओळींत.

प्रत्येक पानाला तीन लेबलं लावा: वर्ष, इयत्ता, प्रकार. उदाहरणार्थ '२०२५-२६', 'दुसरी', 'लेखन'. सुरुवातीला कंटाळा येतो, तीन वर्षांनी एखाद्या मुलाचं पहिलीपासूनचं काम शोधताना हात जोडाल.

स्वतःचं डॉट इन नाव घ्यायचा मोह होईल. त्याला दरवर्षी पैसे भरावे लागतात. आमच्या ओळखीच्या एका शाळेचं नूतनीकरण राहून गेलं आणि आता त्या पत्त्यावर रमीची जाहिरात उघडते. शाळेच्या भिंतीवर मात्र तोच पत्ता ऑइलपेंटनं रंगवलेला आहे.

सगळं झालं की गावातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, वायफाय बंद करून, वेबसाईट उघडून बघा. दहा सेकंदांत पहिलं चित्र दिसलं नाही तर फोटो पुन्हा लहान करा.

१०. आठवड्याचा नेम

रोज टाकायचं ठरवलंत तर महिन्यात दमाल. आमचा नेम शुक्रवारचा: एक पान, दोन मुलांचं काम. २३ मुलांची पहिली फेरी बारा आठवड्यांत होते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मुलांच्या नावांची यादी चिकटवली आहे, ज्याचं काम गेलं त्यापुढं खूण. 'चांगलं असेल त्याचं' हा नियम लावलात तर सहाच मुलं पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीची ओळखतात. ज्याच्यापुढं खूण होत नाही त्याच्याशेजारी जाऊन बसायचं, हा त्या यादीचा खरा उपयोग. एक मुलगा लिहीतही नव्हता आणि चित्रही काढत नव्हता. त्यानं सुतळीची गाठ मारून दाखवली, बैलाच्या कासऱ्याची. चार फोटोंत ती गाठ आहे आणि आमच्या वेबसाईटवरचं सर्वांत जास्त उघडलं गेलेलं पान तेच आहे.

वर्षाच्या दिनदर्शिकेतून विषय मिळतात, पण 'दिन' साजरे करण्याच्या फार नादी लागू नका. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तक धरून उभ्या असलेल्या मुलांचा फोटो सगळ्याच शाळा टाकतात. त्याऐवजी कोणत्या पानावर कुणाला झोप लागली हे मुलांना लिहायला सांगा.

लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी साडेसात-आठला पाठवा, दुपारी नको. दुपारी हातात कोयता असतो. सोबत एकच ओळ: कुणाचं काम आलंय ते. पहिल्या हंगामात करडाच्या पानाला त्या मुलाच्या बापाचा आवाजी निरोप आला होता: 'त्याला म्हणावं, मपलं करडू इकायचं न्हाई.' सोमवारी परिपाठ झाल्यावर मी तो वर्गात ऐकवला. मुलानं तीनदा लावायला लावला. त्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येकाला काहीतरी लिहायचं होतं.

पालकांच्या आवाजातले असे निरोप वेबसाईटवर टाकू नका. ते वर्गापुरते.

११. जतन आणि चार्ज

फुकटच्या सेवा कायमच्या नसतात. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, पिकासा २०१६ मध्ये, गुगल प्लस २०१९ मध्ये, आणि त्यांच्याबरोबर लोकांची पानंही गेली. गुगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी ब्लॉगरच्या सेटिंगमधून बॅकअप उतरवा. त्यात फोटो येत नाहीत, त्यामुळं मूळ फोटोंचं फोल्डर वेगळं पेनड्राईव्हवर घ्या. दोन पेनड्राईव्ह, दोन वेगळ्या घरांत. वर्षअखेरीला निवडक पानं छापून, दोरा ओवून एक हस्तलिखित बांधा. मूळ कागद मात्र मुलांना घरी द्या, ते त्यांचे आहेत.

बदलीचा आदेश आला की चार्जची, म्हणजे नव्या शिक्षकाकडं सोपवायच्या वस्तूंची, यादी होते: टेबल, खुर्च्या, घंटा, सतरंज्या, वजनकाटा, गॅस शेगडी. त्या यादीत आणखी एक ओळ घाला: 'शाळेची वेबसाईट, १ नग.' पुढं पासवर्ड आणि बॅकअप कोडचं बंद पाकीट कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे ते लिहा, घेणाऱ्याची सही घ्या, आणि तिथंच त्यांच्या फोनवर एकदा खातं उघडून दाखवा. नव्या बाई किंवा सर 'बघू नंतर' म्हणतील. त्यांना शुक्रवारपर्यंतच मुदत द्या, कारण यादीत पुढची दोन नावं कुणाची आहेत हे मुलांना पाठ असतं.